जुनी बुलेट की नवी? : एका निवडीचा इतिहास

इतिहास म्हटला की तह, तख्ते आणि तलवारी यांचेच स्मरण व्हावे, अशी आपल्याकडे रूढी पडून गेली आहे. तेव्हा फटफटीसारख्या धूर सोडणाऱ्या वाहनाला इतिहासाच्या पंगतीत आणून बसवले म्हणजे काही भुवया वर जाणार, हे आम्ही गृहीतच धरले आहे. परंतु ज्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा, तो आज पुष्कळ घरांतून खऱ्याखुऱ्या तळमळीने विचारला जात आहे. मुलगा कमावता होतो, चार पैसे गाठीला बांधतो आणि एके दिवशी जेवणाच्या पानावर जाहीर करतो, की आपण मोटरसायकलवरून लेहला जाणार. आईच्या हातातली पोळी तव्यावरच राहते, आणि घरात दोन पक्ष पडतात. काकांचा पक्ष म्हणतो, 'जायचेच असेल तर जुनी बुलेट घे बाबा. तसले लोखंड आता होणे नाही.' मित्रांचा पक्ष म्हणतो, 'जुनीवर जाशील तर अर्धा रस्ता ढकलत जाशील; नवी घे.' दोन्ही पक्ष भांडतात यंत्राविषयी, पण दाखले देतात ते इतिहासाचे. आणि गंमत अशी की तो इतिहास दोघांनाही निम्माच ठाऊक असतो.

प्रथम शब्दांचा अर्थ नक्की करून घेऊ. जुनी बुलेट म्हणजे बिडाच्या सिलिंडरची, जिचे उत्पादन आपल्या देशात २०१० च्या सुमारास थांबले ती. नवी म्हणजे २०२० नंतर आलेल्या इंजिनाची. मधल्या काळात आणखी एक पिढी होऊन गेली. तिचाही विचार ओघात येईल.

आता आमच्या काकांच्या पक्षाला थोडा धक्का देणारी एक गोष्ट सांगावयाची आहे. ज्या बुलेटला आज आपण जुन्याचा पुतळा समजतो, ती जन्माला आली तेव्हा नव्याहूनही नवी होती. इंग्लंडात वुस्टरशायर परगण्यातील रेडिच या गावी रॉयल एनफील्डचा कारखाना होता. तेथे १९०१ पासून मोटरसायकली तयार होत. 'बुलेट' हे नाव त्या कारखान्याने प्रथम १९३२ मध्ये, लंडनच्या ऑलिंपिया येथील प्रदर्शनात मांडलेल्या गाड्यांना दिले. पण आपण ओळखतो ती बुलेट दुसऱ्या महायुद्धानंतरची. तिचे इंजिन ३४६ घनसेंटीमीटरचे, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. इंजिनात फारसे नवल नव्हते. नवल होते ते मागच्या चाकात. तोवर बहुतेक मोटरसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे, आणि खाचखळग्यांचा सगळा हिशोब स्वाराच्या कण्यावर मांडला जाई. बुलेटने मागचे चाक झुलत्या दांड्यावर बसवले आणि त्याला तेलाने दबणारे शॉकअॅब्सॉर्बर दिले. अवघड वाटांवर शर्यती करणाऱ्या जाणत्यांना हे पसंत नव्हते. चाक असे वरखाली नाचू लागले तर त्याची जमिनीवरची पकड जाईल आणि गाडी हाताबाहेर होईल, असे त्यांचे म्हणणे. पुढे १९४८ साली इटलीत सान रेमो येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली. तीत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघातील बुलेटच्या दोन स्वारांनी सुवर्णपदके मिळवली, आणि जाणत्यांचे तोंड बंद झाले. वर्षभरात गाडी बाजारात आली. म्हणजे १९४९ साली रेडिचमधील एखाद्या तरुणाने बुलेट घ्यायची ठरवली असेल, तेव्हा त्याच्याही काकांनी त्याला 'ही नवी थेरं नकोत, जुनी घे' असेच बजावले असण्याचा संभव फार आहे.

ही गाडी आपल्याकडे आली ती लष्कराच्या पाठीवर बसून. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या खडतर रस्त्यांवर गस्त घालण्यासाठी सैन्याला दणकट वाहन हवे होते, आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बुलेटची निवड झाली. पुढे १९५५ मध्ये रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून 'एनफील्ड इंडिया' ही कंपनी काढली. आरंभी इंग्लंडहून भाग येत आणि मद्रासेस केवळ जुळणी होई. पुढे साचे आणि हत्यारेही आली, आणि १९६२ पर्यंत सगळे भाग येथेच होऊ लागले. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून मग वर्षानुवर्षे तीच गाडी बाहेर पडत राहिली.

'तीच' या शब्दावर आम्ही मुद्दाम जोर देत आहोत. कारण इकडे मद्रासेस काळ थांबला, तरी तिकडे रेडिचमध्ये तो थांबला नव्हता. १९५६ च्या सुमारास तेथे क्रुसेडर नावाची २५० ची गाडी निघाली. तिच्यात इंजिन आणि गिअरपेटी एकाच कवचात बसवलेली होती. त्याच धाटणीची ३५० ची नवी बुलेटही इंग्लंडात पुढे काढली गेली. ती काही वर्षांतच बंद पडली. मग १९६७ मध्ये रेडिचचा कारखानाच बंद झाला, आणि १९७० मध्ये इंग्लंडातले उरलेसुरले उत्पादनही संपले. आई गेली आणि दत्तक दिलेले मूल मात्र परक्या घरी जसेच्या तसे वाढत राहिले, अशी ही विलक्षण कथा आहे. आणखी एक विलक्षण गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. इंजिन आणि गिअरपेटी एका कवचात घेण्याची जी रचना रेडिचने १९५६ च्या सुमारास साधली होती, ती मद्रासच्या गाडीत अवतरली २००८ साली. मध्ये अर्धशतक गेले. नवे म्हणून ज्याला आपण नाके मुरडली, ते आपल्या जुन्याच्या पाठचेच भावंड होते.

हे असे का झाले? यंत्राच्या अंगच्या थोरवीमुळे ते टिकले, असे भक्तमंडळी सांगतात. आमच्या मते त्याचे मुख्य कारण यंत्रात नव्हते, ते दिल्लीच्या कचेऱ्यांत होते. १९५१ च्या उद्योग कायद्याने कारखान्याला परवाना लागे, उत्पादन वाढवायला परवाना लागे, परदेशी भाग आणायला परवाना लागे. बाहेरच्या गाड्यांना दार बंद. म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी, उत्तरेकडची राजदूत आणि मद्रासची बुलेट, एवढाच काय तो मोटरसायकलींचा संसार. आपल्या पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी होत, आणि त्यांच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवावी म्हणजे लग्नात मिळेल, असा विनोद तेव्हा केला जाई. जेथे गिऱ्हाईकच दाराशी उभे आहे, तेथे गाडी बदलण्याचा खटाटोप करतो कोण? लष्कर आणि पोलीस हे बुलेटचे मोठे गिऱ्हाईक. त्यांना तर बदल नकोच होता. कारण बदल म्हणजे कोठारातले सुटे भाग फुकट जाणे.

पण या साचलेपणातून एक अनपेक्षित चांगली गोष्ट जन्माला आली, आणि आमच्या विषयाचा सगळा जीव तिच्यात आहे. पन्नास वर्षे गाडी बदलली नाही, त्यामुळे १९६५ च्या गाडीचा क्लच १९८५ च्या गाडीच्या क्लचसारखाच राहिला. एका पिढीच्या मिस्त्रीने शिकलेली विद्या त्याच्या मुलाच्याही कामी आली. तालुक्याच्या प्रत्येक गावी, एस. टी. स्टँडच्या मागे कुठेतरी, बुलेट खोलून लावणारा एक माणूस असे, आणि त्याच्या फळीवर लागणारे भाग असत. गाडी रस्त्यात बंद पडली तर ट्रकात घालून त्याच्याकडे न्यायची, चहा प्यायचा, संध्याकाळी निघायचे. 'बुलेट कुठेही दुरुस्त होते' ही जी ख्याती पसरली ती अगदी खरी होती. पण ही ख्याती धातूची नव्हती. ती त्या हजारो हातांची होती.

येथे आम्हांला एक भेद स्पष्ट करावयाचा आहे, कारण काकांचा पक्ष नेमका तेथेच घसरतो. यंत्र टिकणे वेगळे आणि यंत्र दुरुस्त होणे वेगळे. जुनी बुलेट क्वचित बिघडे म्हणून लोकप्रिय होती, असे म्हणणे हे सत्याला सोडून आहे. ती पुष्कळदा बिघडे. तिच्या पॉइंटांवर काजळी धरे, क्लचची वायर तुटे, चेन सैल पडे, हादऱ्यांनी बल्ब उडत आणि नटबोल्ट वाटेत गळून पडत. ती जेथे उभी राही तेथे खाली तेलाचा एक डाग ठेवून जाई. घरच्या फरशीसाठी जुना पत्रा किंवा पुठ्ठा बाळगणे ही प्रत्येक बुलेटवाल्याची रीत. दर दोन-तीन हजार किलोमीटरांनी तेल बदलायचे, टॅपेट तपासायचे, पॉइंटातली फट मोजायची. हे सगळे रस्त्याच्या कडेला, चार पाने आणि एक पेचकस एवढ्यावर करता येई, हा तिचा खरा गुण. बिघाड डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे.

ती चालू करणे हाही एक विधीच होता. ज्यांनी तो केलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. चावी फिरवली की हेडलाइटच्या माथ्यावरच्या अॅमीटरची सुई एका बाजूला कलत असे. मग किकचा दांडा पायाने हळूहळू दाबत न्यायचा, पिस्टन वर येऊन अडेपर्यंत. सुई मध्यावर येऊन थांबली, म्हणजे पॉइंट उघडले असे समजायचे. मग हँडलवरची डिकॉम्प्रेसरची लहानशी कळ ओढून सिलिंडरातली कोंडलेली हवा सोडायची, पिस्टन किंचित पलीकडे न्यायचा, कळ सोडायची, दांडा वर घ्यायचा आणि अंगाचा सगळा भार टाकून एकच किक मारायची. साधले तर 'धड धड' असा तो ओळखीचा नाद सुरू होई. न साधले तर किक उलटून पोटरीला असा प्रसाद मिळे की दोन दिवस जिना चढवत नसे. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. म्हणजे आजच्या गाडीवर शिकलेल्या माणसाने बरोबर उलटे वागायचे. अचानक म्हैस आडवी आल्यावर ब्रेक समजून गिअर दाबणारे काही वीर आमच्या पाहण्यात आहेत.

१९८० नंतर दारे किलकिली झाली. १९८४ पासूनच्या दोन-तीन वर्षांत जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून १०० घनसेंटीमीटरच्या हलक्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहाची आरएक्स, आणि आपल्या आकुर्डीची कावासाकी बजाज. बुलेट एका लिटरमध्ये ३०-३५ किलोमीटर जाई. यांतल्या काही गाड्या दुपटीहून अधिक जात, सहज चालू होत आणि बिघडत नसत. मध्यमवर्गाने हिशोब केला आणि बुलेट उरली ती पोलिसांकडे, दूधवाल्यांकडे, काही हौशी शेतकऱ्यांकडे आणि ज्यांना पेट्रोलचा हिशोब विचारण्याची कोणाची छाती नव्हती अशांकडे. १९९४ मध्ये आयशर समूहाने कंपनी ताब्यात घेतली. त्यानंतरही काही वर्षे तिचे काय होणार याची शाश्वती नव्हती.

मग बदल आले. ऑस्ट्रियातील एव्हीएल या तज्ज्ञ संस्थेच्या साह्याने अॅल्युमिनियमच्या सिलिंडरचे इंजिन तयार झाले. २००८ मध्ये एका कवचातले इंजिन आले. त्यात पॉइंटांऐवजी विजेचे उपकरण, आणि टॅपेट स्वतःच स्वतःला जुळवून घेणारे. बिडाचे इंजिन पुढे थोडा काळ जोडीने चालले आणि थांबले. ते कोणाच्या कंटाळ्यामुळे थांबले नाही; घेणारे अखेरपर्यंत होते. त्याला थांबवले ते धुराविषयीच्या कायद्याने. बीड उष्णता धरून ठेवते, इंधनाचे मिश्रण नेमके राखता येत नाही आणि तेल जळत राहते. शहरांतली हवा निवळावी म्हणून २०१० पासून जी मापे लागू होत गेली, त्यांत हे इंजिन बसू शकले नाही.

या संदर्भात जर्मनीतील बीएमडब्ल्यूची हकीकत सांगण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना सिलिंडर बाहेर काढलेले इंजिन ही त्या कंपनीची १९२३ पासूनची ओळख. १९८३ साली कंपनीने पाण्याने थंड होणाऱ्या चार सिलिंडरांची नवी के-१०० ही लांब प्रवासाची गाडी काढली आणि जुन्याची मोठी इंजिने निवृत्त करावयाचे ठरवले. नवी गाडी सर्व अंगांनी सरस होती. तरी गिऱ्हाइकांनी जुन्यासाठी असा हट्ट धरला, की १९८६-८७ मध्ये कंपनीला १००० घनसेंटीमीटरच्या जुन्या प्रवासी गाड्या पुन्हा काढाव्या लागल्या. तेथे लोकांची आवड जिंकली. आपल्याकडे तशी आवड होती, पण मागे फिरण्याची वाट कायद्याने बंद केली होती. कायद्याने केले ते योग्यच केले, असे आमचे मत आहे. ज्याला दम्याचा विकार आहे अशा माणसाच्या घरावरून बिडाच्या इंजिनाचा नाद ऐकत जाणाऱ्याने त्या घरात एक रात्र काढून पाहावी.

२०२० च्या नोव्हेंबरात मीटिओर या गाडीबरोबर नवे ३४९ घनसेंटीमीटरचे इंजिन आले. तेच २०२१ मध्ये क्लासिकला आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटला बसले. त्याची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती. जुन्याची १८ होती. म्हणजे सत्तर वर्षांच्या खटपटीने दोन अश्वशक्ती पदरात पडली, असे म्हणून कोणी हसेल. पण फरक शक्तीत नाहीच. नव्या इंजिनात हादरे मारणारा एक स्वतंत्र दांडा आहे, त्यामुळे तासभर चालवल्यावर हाताला मुंग्या येत नाहीत. कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारे यंत्र आहे. डिस्क ब्रेक आहेत, आणि चाक जखडून गाडी घसरू नये अशी विजेची व्यवस्था आहे. ही व्यवस्था १२५ घनसेंटीमीटरवरील सर्व नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचीच झाली. आणि एक वस्तू नाही: किक. बटण दाबायचे आणि निघायचे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमचा तरुण लेहला निघाला आहे. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून मनाली, मनालीहून लेह. जाऊन येऊन सुमारे ५ हजार किलोमीटर. रजा म्हणाल तर मोजून १५ दिवस, आणि सोळाव्या दिवशी कचेरीत हजर व्हायचे.

रस्ताच पाहा. जुनी बुलेट ज्या रस्त्यांसाठी जन्मली, ते रस्ते एकेरी, झाडांच्या कमानीखालचे, ताशी ५० किलोमीटरने जाण्याचे. त्या वेगात तिच्यासारखी सोबतीण नाही. आज महामार्गावर मालट्रक ताशी ८० ने धावतात. जुन्या बुलेटचा सुखाचा वेग तेथेच संपतो, आणि तिचे ड्रमचे ब्रेक लागेपर्यंत पुढची गाडी फार जवळ आलेली असते. मागून भोंगा वाजवत येणाऱ्या अठरा चाकी धुडापुढे जुन्या लोखंडाचा अभिमान फारसा उपयोगी पडत नाही.

पुढे डोंगर लागतो. २०२० च्या ऑक्टोबरात ९ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला आणि रोहतांगची चढण चुकली, तरी बारालाचा आणि टंगलंग या खिंडी राहतातच. टंगलंग खिंड ५ हजार ३०० मीटरांच्या वर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक भरतो. कार्बोरेटर हे बिचारे मुंबईच्या हवेच्या हिशोबाने जुळवलेले. हवा विरळ झाली तरी ते पेट्रोल त्या प्रमाणात कमी करीत नाही. मिश्रण गडद होते, प्लग काळा पडतो, इंजिन गुदमरते आणि चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत चालते. जुने स्वार यासाठी बारीक छिद्राचे जेट बरोबर नेत आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते बदलत. पेट्रोल फवारणारे नवे यंत्र हवेचा दाब स्वतः मोजते आणि तेवढेच पेट्रोल देते. शक्ती त्याचीही घटते, कारण हवाच नाही. पण ते गुदमरत नाही. तंडी येथील पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचा फलक प्रवाशांत प्रसिद्ध होता. अशा पट्ट्यात पेट्रोल मोजून देणारे यंत्र कोणाला नकोसे होईल?

म्हणून आमचा कौल असा, की मोजक्या रजेत लेहला जाणाऱ्याने नवीच घ्यावी. बुलेटच पाहिजे असा हट्ट नसेल तर त्याच कंपनीची, उंच रस्त्यांसाठीच बांधलेली हिमालयन पाहावी. ती २०१६ मध्ये आली, आणि २०२३ मध्ये तिला पाण्याने थंड होणारे ४५२ घनसेंटीमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. मधल्या पिढीची, म्हणजे २००९ ते २०२० मधली बुलेट किंवा क्लासिक ही तडजोड आहे. तिच्यातल्या पुष्कळ गाड्यांना किकही आहे आणि बटणही आहे. पुंजी बेताची असेल तर ती घ्यावी, फार विचार करू नये.

पण हा कौल देताना जे हातचे जाते त्याची किंमत आम्ही लपवून ठेवणार नाही. नवी गाडी क्वचित बिघडते. पण बिघडली तर तिच्यापुढे स्वार हात जोडून बसतो. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, इंजिन बटणावर चालते. बॅटरी मेली की सगळेच मेले. दोष शोधायला संगणक जोडावा लागतो, आणि तो एस. टी. स्टँडमागच्या मिस्त्रीकडे सहसा नसतो. आमच्या परिचयाचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्या बुलेटचा नुसता आवाज ऐकून ते घरात बसल्या बसल्या सांगतात, की एक्झॉस्टचा टॅपेट सैल आहे. त्यांना आम्ही एकदा विचारले, 'मामा, नव्या गाडीत काय बिघडते?' ते म्हणाले, 'तिच्यात काही बिघडत नाही हो; बिघडलो ते आम्हीच.' त्यांचा मुलगा एका मोठ्या दुकानात नोकरीला आहे. तो भाग दुरुस्त करीत नाही, काढून नवा बसवतो. जुनी विद्या अशी डोळ्यांदेखत ओसरत चालली आहे, आणि ती एकदा गेली की जुनी बुलेट खरोखरच नुसते लोखंड होईल.

तेव्हा जुनी कोणी घ्यावीच नये काय? अवश्य घ्यावी, पण ती कशासाठी घेतो हे ओळखून घ्यावी. ज्याच्यापाशी रविवार आहेत, ज्याला हात काळे झाल्याचे दुःख नाही आणि ज्याच्या गल्लीत असा एखादा मामा अजून आहे, त्याने ती घ्यावी आणि आंबा घाटातून कोकणात उतरावे, दापोली-गुहागरकडे जावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, हे तर जुन्या बुलेटवर उपकारच म्हणायचे. खंडाळ्याच्या जुन्या घाटात तिला तिचे वय कोणी विचारत नाही. घेताना नोंदणीचे कागद मात्र नीट पाहावेत. पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. रंगरंगोटीला भुलू नये. टाकीवरच्या सोनेरी रेषा कितीही झळकत असोत, गाडी थंड असताना चालू करून दाखवायला सांगावी, आणि खालच्या बाजूने जड ठोका येतो का ते कान देऊन ऐकावे. तो क्रँकच्या बेअरिंगचा असला तर इंजिन पुरे खोलावे लागते. बरोबर शक्य तर एखाद्या मामांना न्यावे. त्यांना नेले म्हणजे विकणाराही जरा जपून बोलतो.

२०२३ च्या बुलेटमध्ये कंपनीने जुन्या खुणा पुष्कळ जपल्या आहेत. हेडलाइटवरची ती टोपी आहे, तिच्यावरचे दोन लहान दिवे आहेत, टाकीवरच्या रेषाही हाताने ओढलेल्या आहेत. अॅमीटर तेवढा राहिलेला नाही. गाडी निघेल की नाही हे ज्या सुईकडे पाहून स्वार ओळखीत, ती जाऊन आता वेगमापकाच्या पोटात एक लहानशी चौकट आली आहे, आणि पेट्रोल किती उरले ते ती दाखवते.